जुनें पनवेल आणि नवे मजले

(नभोवाणीवरील भाषण)

एखादें गांव वाढावें कीं वाढूं नये, हा प्रश्न गांवाला विचारून कोणीं कधीं सोडविलेला नाहीं. गांव आधीं वाढतें, आणि मागाहून शहाणीं माणसें एकत्र बसून तें कसें वाढावयास हवें होतें याची चर्चा करतात. पनवेलच्या बाबतींत ही चर्चा वेळेवर करण्याची संधि अजून थोडीशी शिल्लक आहे, म्हणून आज हा विषय मी आपल्यापुढें मांडीत आहें.

ही वेळ कां आली तें प्रथम सांगतों. १९९८ सालीं मुंबईची उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत येऊन पोंचली. २००२ पर्यंत कळंबोलीहून पुण्याच्या दिशेनें जाणारा द्रुतगति मार्ग पुरा झाला. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी ते न्हावाशेवा हा खाडीवरून जाणारा अटल सेतु खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवाशांचीं विमानें उडूं लागलीं. हा विमानतळ पनवेल तालुक्यांतच आहे. ज्या गांवाच्या दारापाशीं इतक्या वाटा येऊन मिळाल्या, तेथील जमिनीचा भाव चढणारच. आणि जमिनीचा भाव चढला कीं जुनें घर उतरवून त्या जागीं उंच इमारत उभारण्याची इच्छा मालकालाही होते आणि बांधणारालाही होते. त्यांत कोणाचाच गुन्हा नाहीं.

पनवेल म्हटलें म्हणजे आज पुष्कळ गोष्टींचा बोध होतो. खारघर, कामोठें, कळंबोली आणि नवें पनवेल या सिडकोनें आंखून वसविलेल्या वसाहती त्यांत आल्या; महानगरपालिकेंत सामील झालेलीं २९ गांवेंही आलीं. त्यांच्याविषयीं मी आज बोलत नाहीं. माझा विषय आहे तो स्टेशनच्या अलीकडचें जुनें गांव. टपाल नाका, लाईन आळी, मिरची गल्ली, कापड बाजार, परदेशी आळी, पटेल मोहल्ला, कोळीवाडा आणि वडाळें तळें एवढीं नांवें घेतलीं कीं जाणत्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढें तें गांव उभें राहील. तेथें आजच पाय ठेवावयास जागा नाहीं. अशा वस्तींत आणखी बांधकाम होऊं द्यावें काय, एवढाच प्रश्न.

या गांवाला दाटी आली ती आजची नव्हे. रेल्वे नव्हती त्या काळीं मुंबई आणि घाटमाथा यांच्या मधला पनवेल हा एक मोठा टप्पा होता. मुंबईचीं गलबतें भरतीच्या पाण्यावर पनवेलच्या खाडींत येत. तेथें माल उतरे, आणि बैलांवर व गाड्यांवर लादून तो घाटाकडे निघे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां या रहदारीला भरच आला. तांदूळ, मीठ, मिरची, कापड यांचे व्यापारी येथें स्थायिक झाले. बैलगाडीचीं चाकें करणारे कारागीर येथें नांवाजले. कोळी होते, ब्राह्मण होते, गुजराथी व कच्छी व्यापारी होते, कोंकणी मुसलमान होते, आणि शनिवारीं चुलीला हात न लावणारे बेने इस्रायलही होते; त्यांचें प्रार्थनामंदिर आजही गांवांत उभें आहे. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली. महाराष्ट्रांतील अगदीं पहिल्या नगरपालिकांत तिची गणना होते. १८७२ मध्यें धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना याच गांवीं निघाला.

मग १८६३ सालीं लोहमार्ग बोरघाट चढून गेला, आणि तो गेला कल्याण-कर्जतच्या बाजूनें. पनवेल बाजूला पडलें. जी रहदारी गांवाचें पोट भरीत होती ती दुसऱ्या वाटेनें निघून गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीं गांवची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास होती. दहा हजार माणसांना, त्यांच्या गाड्यांना आणि गुरांना पुरतील एवढ्याच गल्ल्या त्या वेळीं होत्या, आणि त्या पुरतही होत्या. त्यानंतर २००१ च्या शिरगणतींत पनवेल नगरपालिकेच्या हद्दींत सुमारें १ लक्ष ४ हजार, आणि २०११ च्या शिरगणतींत १ लक्ष ८० हजार माणसें मोजलीं गेलीं. हा आंकडा नव्या पनवेलसह आहे हें खरें. तरीही दहा वर्षांत झालेली वाढ ध्यानांत घ्यावी. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. माणसें वाढलीं, कारभाराचें नांव बदललें. गल्लीची रुंदी मात्र बैलगाडीच्या काळीं होती तेवढीच राहिली.

आतां या प्रश्नाचे दोन पक्ष आहेत. दोघांचेंही म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे.

पहिला पक्ष म्हणतो, आतां पुरे. उन्हाळ्यांत नळाला पाणी धड येत नाहीं, पावसाळ्यांत गटारें तुंबतात, सायंकाळीं बाजारांतून म्हाताऱ्या माणसाला हात धरल्यावांचून चालतां येत नाहीं. अशा ठिकाणीं आणखी हजारों माणसें आणून बसविणें म्हणजे भरलेल्या होडींत उतारू घेण्यासारखें आहे. या पक्षांत जुने रहिवासी पुष्कळ आहेत, आणि त्यांचें म्हणणें रोजच्या अनुभवाचें आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, गांव कोणासाठीं राखावयाचें? जुन्या वाड्याचें चित्र बाहेरून गोड दिसतें. आंत राहणाराला विचारा. तुळईला वाळवी लागलेली, भिंतीला ओल आलेली, मधल्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो, आणि चार बिऱ्हाडांना मिळून एक शौचकूप. पावसाळा जवळ आला कीं धोक्याच्या घरांना नोटिसा लागतात, आणि माणसें ती नोटीस दाराला असतांनाच आंत निजतात, कारण दुसरीकडे जावयास जागा नसते. घरांतील मुलाचें लग्न ठरलें तर त्याला बिऱ्हाड करावयास दहा मैल दूर जावें लागतें. शिवाय, गांवांत माणसें वाढूं दिलीं नाहींत म्हणून माणसें यावयाचीं थोडींच थांबतात? तीं गांवाबाहेर जातात, आणि पनवेल तालुक्यांतील भाताचीं खाचरें एकामागून एक बुजत जातात. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रांतील गांवांत हेंच चाललें आहे. स्टेशनला चालत जातां येईल अशा जागीं शंभर घरें झालीं तर शेताचा एक तुकडा वांचतो आणि शंभर वाहनें रस्त्यावर यावयाचीं टळतात. हा युक्तिवादही पोकळ नाहीं.

मला वाटतें, दोन्ही पक्ष एका शब्दावरून भांडत आहेत, आणि त्या शब्दाचे दोन निराळे अर्थ आहेत. तो शब्द म्हणजे दाटी. एका एकरांत माणसें किती, ही एक दाटी. एका खोलींत माणसें किती आणि एका माणसाच्या वांट्याला रस्ता किती, ही दुसरी दाटी. पहिली दाटी पुष्कळ असूनही गांव सुखी असूं शकतें. दुसरी दाटी वाढली कीं कोंडमारा होतो. १९६५ सालीं मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवें शहर वसवावें अशी योजना ज्या तिघांनीं मांडली, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, त्यांपैकीं शिरीष पटेल हे स्थापत्यविशारद पुढें अनेक वर्षें हाच भेद समजावून सांगत होते. नुसतें बांधकामाचें प्रमाण पाहून वस्तीची स्थिति कळत नाहीं. घरांतील दाटी आणि रस्त्यावरील दाटी वेगवेगळी मोजली पाहिजे, असें त्यांचें सांगणें होतें. इमारत उंच झाल्यानें घरांतील दाटी कमी होऊं शकते. पण खालचा रस्ता तेवढाच राहिला तर रस्त्यावरील दाटी त्याच हातानें वाढते. पहिला पक्ष रस्त्यावर उभा राहून बोलतो, दुसरा घरांत बसून बोलतो. दोघेही खरें तेंच सांगतात.

सरकारी नियमांत या गोष्टीला एकच माप आहे, त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. शंभर चौरस मीटरांच्या जागेवर सर्व मजले मिळून शंभर चौरस मीटर बांधतां आलें, तर निर्देशांक एक. दोनशें बांधतां आलें, तर दोन. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें बहुतेक शहरांसाठीं एकच बांधकाम नियमावली लागू केली. तींत समोरचा रस्ता जितका रुंद तितका हा निर्देशांक अधिक, असें तत्त्व आहे. शिवाय शुल्क भरून कांहीं अधिक बांधकाम विकत घेतां येतें. दुसऱ्या एखाद्यानें सार्वजनिक कामासाठीं जागा सोडली असली, तर तिच्या बदल्यांत त्याला मिळालेला बांधकामाचा हक्कही विकत घेऊन आपल्या जागेवर वापरतां येतो. विमानतळाच्या भोंवतालीं विमानांच्या सुरक्षिततेसाठीं उंचीला मर्यादा असते ती वेगळीच. हे नियम कागदावर नीटनेटके दिसतात. त्यांत एक वस्तु मात्र मोजलेली नाहीं, आणि ती म्हणजे त्या आळींत नळाचें पाणी किती येतें.

आपण एक हिशेब करूं. हा कल्पनेतला हिशेब आहे. पण नळ आणि गटार यांना कल्पना व वास्तव यांतला फरक कळत नाहीं. समजा, एका आळींत वीस घरें आहेत आणि दर घरीं पांच माणसें. म्हणजे शंभर माणसें झालीं. शहरांतील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतें असें आपल्या देशांतील सर्वमान्य प्रमाण आहे. तेव्हां त्या आळीला रोज १३,५०० लिटर पाणी हवें. आतां दर घराच्या जागीं दहा बिऱ्हाडांची इमारत झाली आणि दर बिऱ्हाडीं चारच माणसें धरलीं, तर आठशें माणसें होतात. त्यांना रोज १,०८,००० लिटर पाणी लागेल. वापरलेल्या पाण्याचा सुमारें आठ-दशांश भाग गटारांत जातो. म्हणजे जें गटार आज अकरा हजार लिटरांनाही कुरकुर करतें, त्याच्यांत रोज ८६,००० लिटर ओतलें जाईल. दोनशें बिऱ्हाडांच्या दुचाकी आणि चारचाकी कोठें उभ्या राहतील, हें मी विचारीतच नाहीं. ही वाढ एका वर्षांत होत नाहीं, वीस घरांच्या वीस वेळच्या परवानग्यांनीं होते. म्हणून ती कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. प्रत्येक परवानगी नियमाला धरून असते, आणि सगळ्या मिळून आळीचा गळा दाबतात.

पाण्याची गोष्ट पनवेलला तर विशेष लागू आहे. माथेरानच्या डोंगरांकडून येणाऱ्या गाढी नदीच्या पाण्यावर देहरंग येथें नगरपालिकेचें स्वतःचें धरण आहे. आपल्या मालकीचें धरण असलेल्या नगरपालिका फार थोड्या. पूर्वींच्या कारभाऱ्यांच्या दूरदृष्टीची ती खूण आहे. परंतु तें धरण त्या वेळच्या पनवेलपुरतें होतें. ऐन उन्हाळ्यांत त्याचा तळ दिसूं लागतो, आणि मग गांवाला जीवन प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून मिळेल त्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. कोंकणांत, एवढ्या पावसाच्या मुलखांत, गृहिणीनें नळाला पाणी येण्याची घटका मोजीत बसावें, यासारखी दुसरी विसंगति नाहीं.

उन्हाळ्यांत जें पाणी मिळत नाहीं तेंच पावसाळ्यांत घरांत शिरतें. पनवेलची खाडी भरती-ओहोटीची आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गांठ पडली कीं गाढीचें पाणी समुद्राकडे जावयाचें थबकतें आणि गांवांत पसरतें. २६ जुलै २००५ च्या पावसांत पनवेलनें हें भोगलें आहे. तो पूर पाहिलेल्या माणसाला त्याची आठवण करून द्यावी लागत नाहीं. सिडकोनें खाडीकांठच्या आपल्या वसाहती आंखतांना ही भीति ओळखून धारण-तलाव ठेवले. भरतीच्या वेळीं झडपा मिटून पावसाचें पाणी त्या तलावांत सांठवावयाचें आणि ओहोटी लागली कीं सोडून द्यावयाचें, अशी ती योजना आहे. जुन्या पनवेलच्या पूर्वजांना हें शास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें. पण वडाळें, कृष्णाळें, लेंडाळें, देवाळें अशीं तळीं त्यांनीं गांवाच्या कुशींत राखलीं. आज आपण त्यांच्याकडे संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा म्हणून पाहतों. कांठ बांधावा, दिवे लावावे, बाकें ठेवावीं, याला कोणाचीच ना नाहीं. परंतु पावसाच्या दिवसांत आजूबाजूच्या आळ्यांचें पाणी क्षणभर थोपवून धरणें हें तळ्याचें खरें काम आहे. तळ्याकडे येणारा ओढा एखाद्या इमारतीच्या पायाखालीं गाडला गेला, तर कांठावरचे दिवे कितीही सुंदर असले तरी पाणी शेवटीं कोणाच्या तरी ओटीवर चढणार.

रस्त्याची तऱ्हा याहून निराळी आहे. नवी इमारत बांधणारानें आपली जागा रस्त्यासाठीं थोडी सोडावी असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण एक मालक आज बांधतो, शेजारचा पंधरा वर्षांनीं बांधतो, आणि त्याच्यापलीकडच्याचा भाऊबंदकीचा दावा कोर्टांत असल्यामुळें तो कधींच बांधीत नाहीं. परिणामीं रस्ता दांत पडलेल्या फणीसारखा होतो. जेथें रुंद झाला तेथें हातगाडी उभी राहते, आणि जेथें अरुंद राहिला तेथें वाहनें अडतात. आगीचा बंब तर गल्लीच्या सर्वांत अरुंद जागेएवढाच आंत येऊं शकतो. बाकीची रुंदी त्याच्या कांहीं उपयोगाची नाहीं. म्हणजे उंचीचा लाभ आज मिळाला आणि रुंदीचा लाभ पुढच्या पिढीवर ढकलला गेला.

मग काय, सरळ रस्ता पाडून गांव मोकळें करावें? हा प्रयोग आपल्या शेजारीं एकदां झालेला आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्याचें कारण दाट वस्तींत आहे असें ठरून १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्त्या फोडून काढले. हवा खेळूं लागली, यांत संशय नाहीं. दादर-माटुंग्याच्या बाजूला त्यानें चांगल्या वसाहतीही वसविल्या. पण ज्यांचीं बिऱ्हाडें रस्त्याखालीं गेलीं, तीं गरीब माणसें कामाच्या जागेपासून दूर जाऊं शकत नव्हतीं. तीं शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या चाळींत शिरलीं. एका जागची दाटी मोडली, ती दुसऱ्या जागीं गेली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश पंडित हिंदुस्थानांत आला. १९१४ ते १९२४ या काळांत त्यानें आपल्या देशांतील अनेक शहरें पायांखालीं घातलीं, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत तो नागरिकशास्त्र व समाजशास्त्र शिकवीत होता. त्याचें सांगणें असें कीं दाट गांव म्हणजे रोगी माणूस आहे. त्याच्यावर कुऱ्हाड चालवूं नये, जपून शस्त्रक्रिया करावी. गल्लीगल्लींतून हिंडावें, जें घर खरोखर पडावयास आलें आहे तेवढेंच काढावें, त्या जागीं लहानसें मोकळें अंगण करावें, तेथें एक झाड लावावें, आणि बाकीचीं घरें दुरुस्त करावीं. तळीं बुजवूं नयेत, स्वच्छ करावीं. यांत खर्च कमी, आणि माणसें आपल्या जागीं राहतात. आज आपल्याला नुसती दुरुस्ती पुरणार नाहीं. माणसें त्या वेळेपेक्षां फार वाढलीं आहेत. परंतु आळीची तपासणी घरोघर हिंडून करावी, वरून पट्टी ठेवून करूं नये, हें त्याचें तत्त्व आजही जुनें झालेलें नाहीं.

आणखी एक उदाहरण आपल्या काळांतलें आहे. मुंबईच्या भेंडीबाजारांत २००९ पासून एका न्यासानें सुमारें साडेसोळा एकरांच्या जुन्या वस्तीचा एकत्रित पुनर्विकास हातीं घेतला. एकेक घर पाडून बांधण्यापेक्षां सगळी वस्ती एकदम विचारांत घेतली कीं रस्ता, मोकळी जागा, पाण्याचे नळ, गटारें हीं सर्व नव्यानें आंखतां येतात. हा त्यांतला मोठा लाभ. पण तें काम एका दशकाहून अधिक लांबलें, हाही त्यांतला धडा आहे. तेथें पाठीशीं एक संघटित समाज आणि त्याचा न्यास होता. पनवेलच्या आळींत मालक अनेक, भाडेकरू अनेक, जाती अनेक, आणि मनांतले हेतुही अनेक. म्हणून सबंध गांवाचा एकदम पुनर्विकास हें स्वप्न मी आपल्याला दाखवीत नाहीं. तो आळीच्या आकाराचा असावा. पंधरावीस घरांनीं मिळून एक मोकळें अंगण, एक सामाईक पाण्याची टांकी, वाहनांची एक जागा आणि शेवटपर्यंत एकसारखी रुंद वाट, एवढें साधलें तरी पुष्कळ. जमिनीचे तुकडे एकत्र करून पुन्हां वांटून देण्याची नगररचना योजनेची पद्धति मुंबई इलाख्यांत १९१५ च्या कायद्यानें आली आहे. आज विमानतळाभोंवतालच्या शेतजमिनींसाठीं तीच वापरली जात आहे. शेताला जें लागू पडतें तें आळीला लहान प्रमाणावर कां लागू पडूं नये?

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. इमारत नवी झाली, पण तींत जुनें माणूस राहिलें काय? जुन्या गांवांत घराचा मालक एक आणि राहणारे तीन पिढ्यांचे भाडेकरू, ही नेहमींची स्थिति आहे. भाडें जुन्या कायद्यानें बांधलेलें. तेवढ्या भाड्यांत मालक कौलें शेकारीत नाहीं, आणि भाडेकरू घर सोडीत नाहीं. दोघेही घराच्या पडण्याची वाट पाहत बसतात. नवें बांधकाम ही दोघांनाही या कोंडींतून सुटण्याची वाट आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण बांधकाम चालूं असतांना तात्पुरत्या बिऱ्हाडाचें भाडें बंद पडलें आणि इमारत अर्धवट राहिली, कीं मालक कोर्टांत जातो आणि भाडेकरू रस्त्यावर जातो. कापड बाजारांतल्या दुकानदाराला तीन वर्षें दुकान बंद ठेवावें लागलें, तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीला लागतें. नव्या इमारतींत गाळा मिळाला तरी तें परत येत नाहीं. कोळीवाड्यांतल्या बाईला मासळी वाळवावयास उन्हाची जमीन लागते आणि जाळें विणणाराला लांब अंगण लागतें. सातव्या मजल्यावरचें घर मोठें असलें तरी तेथें जाळें पसरतां येत नाहीं. यांचीं घरें मोजतांना त्यांचे व्यवसायही मोजले पाहिजेत. नाहीं तर गांवाचें नांव तेंच राहील, आणि ज्यांच्यामुळें तें नांव झालें तीं माणसें राहणार नाहींत.

तेव्हां, श्रोतेहो, जुन्या पनवेलनें आणखी बांधकाम पत्करावें काय, याचें माझें उत्तर होय असें आहे. परंतु तें क्रमाला बांधलेलें आहे. आधीं पाणी, मग निचरा, मग वाट, आणि मग मजला. आज हा क्रम उलटा चालतो. मजला आधीं चढतो, वाट मध्येंच अडते, निचरा पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहतो, आणि पाण्यासाठीं टँकर बोलवावा लागतो. ज्या आळींत दर माणसीं पुरेसें पाणी पोंचतें आणि ज्या गटाराला वाढीव भार सोसतो असें महानगरपालिकेचा अभियंता लिहून देईल, त्या आळीला वाढीव बांधकाम मिळावें. जेथें तें नाहीं तेथें तें होईपर्यंत थांबावें. वाढीव बांधकामासाठीं जें शुल्क वसूल होतें, त्यांतील महानगरपालिकेच्या वांट्याचा पैसा त्याच प्रभागाच्या नळावर आणि गटारावर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब त्या प्रभागांत लावावा. तळीं आणि त्यांना मिळणारे ओढे यांना हात लावूं नये. भाडेकरूचा आणि दुकानदाराचा करार नोंदलेला असल्याशिवाय जुनी भिंत पाडूं देऊं नये.

यांतलें कोणतेंही कलम विकासाच्या विरुद्ध नाहीं. उलट यांतच बांधणाराचें हित आहे. कारण पाणी नसलेल्या इमारतींतील बिऱ्हाड एकदां विकतां येतें, दुसऱ्यांदा त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. आणि जो पक्ष आतां पुरे म्हणतो त्यालाही यांत उत्तर आहे. त्याचा राग नव्या माणसावर नाहीं. आपल्या घागरींतलें पाणी वांटून घ्यावें लागेल याची त्याला धास्ती आहे. घागर मोठी करून मग पाहुण्याला बोलाविलें तर कोणीही दार लावून घेत नाहीं. शतकानुशतकें ज्या गांवानें गलबतांतून उतरलेल्या, घाटावरून आलेल्या, गुजराथेंतून आणि कच्छांतून आलेल्या माणसांना जागा दिली, त्या गांवाला पाहुण्याचें वावडें नाहीं.

राहिली नागरिकांची गोष्ट. शहराची विकास योजना जाहीर झाली म्हणजे कायद्यानें ठराविक मुदतींत प्रत्येकाला हरकत आणि सूचना देण्याचा हक्क असतो. बहुतेक माणसें आपल्या घरावर रस्त्याची रेघ आली आहे काय एवढेंच पाहतात; रेघ शेजाऱ्याच्या घरावर असली म्हणजे नकाशा घडी घालून ठेवून देतात. ही संवय सोडली पाहिजे. प्रत्येक आळीनें एक साधी वही करावी. घरें किती, बिऱ्हाडें किती, भाडेकरू किती, नळाला पाणी किती वेळ येतें, गटार कोठें तुंबतें, पुराचें पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें, आणि आगीचा बंब कोठपर्यंत येऊं शकतो, हें त्यांत लिहावें. हें काम शाळेंतलीं मुलें आणि वाचनालयांत बसणारे वृद्ध मिळून आठ दिवसांत करूं शकतील. अशी वही पुढें ठेवून बोलणाऱ्या आळीला केवळ ओरडणारी म्हणतां येणार नाहीं, आणि बांधणारालाही तिच्याशीं आंकड्यांनींच बोलावें लागेल.

१८६३ सालीं रेल्वे दुसऱ्या वाटेनें गेली, तेव्हां पनवेलला कोणी विचारलें नव्हतें. आतां सगळ्या वाटा पनवेललाच येत आहेत, आणि या वेळीं विचारावयाचें काम पनवेलच्याच माणसांचें आहे. तें त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं सुरू करावें, एवढीच माझी विनंति आहे.